हेडमास्तरांची तक्रार

भूल चढेपर्यंत बाहेर बसा, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मी अर्धं तोंड बधिर घेऊन बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो. समोरच्या टेबलामागे नावं लिहून घेणारी मुलगी फोनकडे बघत डोळे टिपत होती. काय झालं म्हणून विचारावं असं वाटलं, पण खालचा ओठ जागेवर आहे की नाही याचीच खात्री नव्हती. तिनेच वर बघितलं, ओशाळून हसली आणि म्हणाली, "काही नाही हो, माझं फर्न गेलं. निरोप देत होते त्याला." आणि फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक हिरवं पान होतं. एरवी ते सदानकदा हसत असतं. आत्ता त्याने डोळे मिटले होते. खाली एक ओळ लिहायला जागा होती, तिथे तिने लिहिलं होतं, 'इथे न कण्हता बसणारं तूच एक होतंस.' खिडकीत रिकामी कुंडी होती. मी मान हलवली. सहानुभूतीचा चेहरा करायला गेलो तो अर्धाच झाला असणार. बरंच झालं, कारण उरलेल्या अर्ध्यात जे उमटलं असतं ते त्या मुलीने बघण्यासारखं नव्हतं. ते अ‍ॅप माझ्या साडूचं होतं. आणि त्या पानाने डोळे मिटावेत, ही कल्पना माझी होती.

आत खुर्चीत डॉक्टर दात कोरत होते तेव्हा दुखत काहीच नव्हतं, नुसता आवाज येत होता, आणि त्या आवाजात मी साडूचा विचार करत पडून राहिलो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आधी तो शाळांना बाकं विकायचा. तेव्हा मी नोकरी सोडून स्वतःचं अ‍ॅप घेऊन बसलो होतो आणि घरात मला एक प्रकारचा मान होता. म्हणजे काय करतो ते कुणाला कळत नव्हतं, पण काहीतरी भारी करतो असं सगळ्यांना वाटत होतं. हा रविवारी यायचा, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायचा आणि म्हणायचा, "दादा, मला पण शिकवा ना." मी शिकवलं. मनापासून शिकवलं असं म्हणणार नाही, पण दुसऱ्याला शिकवताना आपण किती मोठे आहोत हे आपल्यालाच दिसतं, त्याची चटक लागते. मग एक दिवस त्याने कुंड्यांना पाणी कधी घालायचं ते सांगणारं अ‍ॅप केलं. नाव काय, तर 'पाणी'. मी हसलो होतो. कुंडीत बोट घातलं की कळतं ते सांगायला फोन कशाला हवा, असं बायकोला म्हटलंही होतं. आतला कोड तर विचारू नका, घाईघाईने भरलेल्या बॅगेसारखा, जिथे जागा मिळाली तिथे कोंबलेला. आणि आज दातांच्या दवाखान्यातली मुलगी त्यावर रडते.

माझं अ‍ॅप वाद्य शिकणाऱ्यांसाठी आहे. एखादा अवघड तुकडा असेल तर तो ते हळू करून ऐकवतं, आणि हळू करताना सूर तसूभर उतरू देत नाही. हे बोलायला सोपं आहे. ते साधायला माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. मधल्या काळात बायको घर चालवत राहिली, तिच्या प्रयोगशाळेतल्या पाळ्या वाढवत राहिली आणि एका शब्दानेही बोलली नाही, हे मला जास्त लागतं. अ‍ॅप चालत नाही असं नाही. रांगतं. दरवर्षी काही लोक वर्गणी पुन्हा भरतात, काही गळतात, आणि गळणारे आता जास्त झालेत. म्हणूनच जुन्या ऑफिसातल्या साहेबांचा निरोप आल्यावर मी लगेच नाही म्हणालो नव्हतो. "तुझी खुर्ची रिकामी झालीय. सोमवारी काय ते कळव, पुन्हा विचारणार नाही," एवढंच त्यांनी लिहिलं होतं. नोकरी घेतली की अ‍ॅप बंद, हे मला माहीत होतं. असली गोष्ट उरलेल्या वेळात सांभाळता येत नाही. बायकोला मी अजून सांगितलं नव्हतं, आणि सोमवार दोन रात्रींवर आला होता.

आता पानाने डोळे मिटण्याचं सांगतो. साडूचं अ‍ॅप नाव काढायला लागलं तसं मी ते गुपचूप माझ्या फोनवर घेतलं. चुका शोधायला घेतलं, दुसरं कशाला? बायको झोपायच्या खोलीत कपडे घड्या करत असायची आणि मी इकडे साडूच्या अ‍ॅपमध्ये खुसपटं काढत असायचो. पहिली चूक सापडली तेव्हा इतका आनंद झाला की स्वतःच्या अ‍ॅपमधली चूक दुरुस्त झाल्यावरही तेवढा कधी झाला नव्हता. गावाला जाताना शेजाऱ्याला पाणी घालायला सांगितलं, तर अ‍ॅपला ते कळतच नाही. परत आल्यावर ते आपल्याला रागावतं. आता एवढं कळल्यावर गप्प बसवेना. चारचौघांत लिहावं तर नात्यात बोभाटा. म्हणून एक खोटा माणूस तयार केला. निवृत्त, बाल्कनीत कुंड्या, डोळ्यांवर चष्मा. त्याच्या नावाने साडूला पत्र पाठवलं. 'अपेक्षा अशी होती. प्रत्यक्षात असे घडले. कृपया तपासून पाहावे.' म्हटलं, जरा जिरेल त्याची. तर त्याच संध्याकाळी उत्तर आलं, 'सर, तुम्ही इतकं बारीक बघितलंत! मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजच बसतो.' आणि बसला की हो. आठवड्यात दुरुस्त करून मोकळा. मला फसवल्यासारखं वाटलं. मी पुढची चूक शोधली.

त्या खोट्या माणसाला शोभावं म्हणून मी खरी कुंडी आणली. माझ्या कामाच्या खोलीत, जी खरं म्हणजे अडगळीची खोली आहे, खिडकीच्या कठड्यावर ठेवली. डोळ्यांना बरं असतं, असं बायकोला सांगितलं. मग साडूच्या चुका शोधण्याच्या नादात अ‍ॅपमध्ये पाणी घातल्याच्या नुसत्या नोंदी करत राहिलो आणि तिला खरं पाणी घालायचंच राहून गेलं. एका सकाळी बघतो तर माती कडेने सुटून आत ओढली गेलेली आणि पानं कुरकुरीत, बोट लावलं तर भुगा. फोन उघडला तर ते हिरवं पान आपलं दात काढून हसतंय. मला कुणीतरी कानाखाली मारावी तसं झालं. कुंडीची किंमत काहीच नव्हती. पण मेलेल्या रोपासमोर ते हसणं बघवेना आणि मी तिथल्या तिथे लिहिलं, 'रोप मेल्यावरही आपले पान हसत असते. हे बरे दिसत नाही. निदान त्याने डोळे मिटावेत आणि गेलेल्याविषयी एखादी ओळ लिहिण्याची सोय असावी.' हे पत्र मात्र मी खुन्नस म्हणून लिहिलं नव्हतं. तेवढं एकच. आणि नेमकं त्यावरच साडूचं नशीब फळफळलं. लोक मेलेल्या तुळशी, फर्न, कॅक्टस यांना निरोप द्यायला लागले, ते निरोप एकमेकांना पाठवायला लागले, आणि रोपं जगवायला जेवढे लोक आले नव्हते तेवढे निरोप द्यायला आले. माझ्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलंय ते कुठल्या डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी साडूकडे जेवायला जायचं होतं. भूल उतरली होती, दाढ ठणकत होती, ते कारण सांगून टाळता आलं असतं. टाळलं नाही. हेव्याची एक गंमत आहे, ज्याच्यावर जळतो त्याच्याच घरी जाऊन बसावंसं वाटतं. नवीन काय घेतलंय ते बघावं, पडदे बदललेत का, खुर्च्या त्याच आहेत का. नवीन काही घेतलं नव्हतं. तेच गिरमिटाने भोकं पाडून बसवलेलं शेल्फ, तेच पाय हलणारं टेबल, ज्याच्याखाली पुठ्ठा असतो. याचाही मला राग आला. इतकं सगळं होऊन माणूस पुठ्ठा तरी बदलतो. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. साळीने, म्हणजे बायकोच्या त्या धाकट्या बहिणीने, दार उघडलं आणि म्हणाली, "भाऊजी, दाढ कशी आहे? तुमच्यासाठी मऊ भात ठेवलाय." मला मऊ भात नको होता. सगळ्यांचं असतं तेच हवं होतं.

जेवायला बसलो आणि सासूबाईंनीच विषय काढला. "काय रे, तुझ्या हेडमास्तरांचं पत्र आलं का?" त्या खोट्या माणसाला मी जे नाव दिलं ते आता मलाही चटकन आठवत नाही, कारण या घरात सगळे त्याला हेडमास्तर म्हणतात. साडूने ते नाव ठेवलं. त्याची पत्रं जेवताना वाचली जातात, साडू आवाज लावून वाचतो, साळी हसून हसून पाणी पिते, आणि मी समोर बसून भाजी चिवडत असतो. "या आठवड्यात नाही आलं," साडू म्हणाला. "मी वाटच बघतोय. काही चुकलं का माझं, असं वाटायला लागलंय."

"आजारी असतील," सासूबाई म्हणाल्या. "एकटा जीव. विधुर असणार, मी सांगते. बायको असती तर एवढं लिहायला सवड दिली असती का तिने?"

बायको हसली. मान मागे टाकून, अगदी मोकळं हसली. हे हसू माझ्या ओळखीचं होतं. लग्नाच्या आधीचं होतं, मध्ये कुठेतरी ठेवून दिलं होतं आणि कुठे ठेवलं ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. आता हेडमास्तरांनी ते बाहेर काढलं. "चेष्टा राहू दे आई," ती डोळे पुसत म्हणाली, "पण माणूस किती मनापासून बघतो. दुसऱ्याच्या कामाकडे इतकं नीट बघणारं हल्ली आहे कोण?" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, भात वाढता वाढता, "तुझ्या अ‍ॅपला असा एखादा मिळायला हवा होता बघ."

घास तोंडात होता, दाढ ठणकत होती, मान डोलावली. पण आत जे झालं ते सांगायला मला लाज वाटते आणि तरी सांगतो. मला हेडमास्तरांचा हेवा वाटला. साडूचा वाटायचा त्याहून जास्त. हा कोण कुठला, माझ्याच फोनमध्ये जन्मलेला, ज्याला चेहरा नाही, दाढ नाही, सोमवारी उत्तर द्यायचं नाही, त्याची माझी सासू काळजी करते, त्याच्या पत्रांवर साळी हसते, बायको कौतुक करते. त्याची पत्रं मी लिहायची आणि बायकोने त्याच्यासारखा माणूस मला मिळावा म्हणून हळहळायचं. मला उभं राहून सांगावंसं वाटलं, अरे तो मीच आहे. आणि सांगितलं असतं तर? सगळे एकदम गप्प झाले असते. हेडमास्तर गेले असते आणि त्यांच्या खुर्चीवर साडूच्या वाईटावर टपलेला एक माणूस उरला असता, मऊ भात खाणारा.

आमचे बाबा विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. पट्ट्यावरून बटणं पुढे सरकायची आणि ते कान लावून प्रत्येकाचा टिकटिक आवाज ऐकायचे. कुणाच्या घरी गेलो की बाबा उठून त्यांच्या भिंतीवरची बटणं दाबून बघायचे आणि आई पदराआड तोंड लपवायची. शेजारच्या मुलाने एकदा खोक्यातून रेडिओ बनवला. बाबांनी तो मांडीवर घेतला, उलटापालटा केला, चष्मा कपाळावर चढवून आत डोळा लावला आणि म्हणाले, "ही तार इथे कशाला वळवलीस? आणि हा सांधा उद्या सुटणार." मुलाचं तोंड उतरलं. पण पुढची सगळी दुपार ते दोघे त्या खोक्यावर वाकून होते. मीही एक पंखा बनवला होता. चांगला फिरायचा. बाबांना नेऊन दाखवला तर त्यांनी वर्तमानपत्रातून मान काढली आणि म्हणाले, "छान आहे." मी पंखा बंद केला आणि पलंगाखाली सरकवला. आमच्या घरात 'छान आहे' याचा अर्थ बघितलेलं नाही असा होता, हे मला फार लवकर कळलं होतं. आज माझ्या अ‍ॅपखाली लोक जे लिहितात ते सगळं तेच असतं. छान आहे. खूप छान. छान उपक्रम. वर्गणी संपली की छान म्हणणारेच आधी जातात. जाताना कारणही सांगत नाहीत. साडूचे लोक भांडतात, रडतात, आणि जात नाहीत.

"मी ठरवलंय," साडू म्हणाला तेव्हा मी भानावर आलो. त्याने ताट बाजूला सारलं होतं. "हेडमास्तरांना विचारतो. माझ्याबरोबर काम कराल का म्हणून. रीतसर, महिन्याच्या महिन्याला. नवीन काही करायला घेतलं की आधी त्यांनी बघायचं. त्यांच्याशिवाय माझं पाऊल पडत नाही, खरं सांगतो. दादा, तुम्हाला काय वाटतं?"

"माणूस न बघता?" मी म्हणालो. आवाज मला वाटला त्यापेक्षा चिरका आला.

"बघायचं काय त्यात? त्यांनी मला किती वेळा पकडलंय. मला कोड लिहिता येत नाही हे तुम्हाला माहितीय. तुम्ही लिहिता तसं तर जन्मात जमणार नाही. मला काही येत नाही म्हणून मी लोकांना विचारत बसतो. ज्याला येतं त्याला विचारायला लागत नाही." हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं, मला उलट काहीतरी सुनावता आलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता.

"मग आत्ताच लिही," सासूबाई म्हणाल्या. "आणि लिही, एकदा जेवायला या म्हणावं. तिखट चालतं का तेही विचार."

आणि तो खरंच फोन घेऊन बसला. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. साळी मजकूर सांगत होती, तो टाइप करत होता, मधेच 'आदरणीय' की 'सन्माननीय' यावर दोघांचा वाद झाला. मला उठायचं होतं, हात धुवायचे होते, पण बसूनच राहिलो. "पाठवलं," तो म्हणाला. आणि माझ्या खिशात फोन थरथरला. आवाज बंद होता, तरी त्या थरथरीला आवाज असतो. खुर्चीच्या लाकडातून ती सगळ्यांच्या पायांपर्यंत गेली असं मला वाटलं. सासूबाई दही मागत होत्या. बायकोने माझ्याकडे बघितलं की दह्याच्या वाटीकडे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतताना आम्ही चालत निघालो. ऊन कलतं होतं आणि दुकानांच्या काचांत आम्ही दोघं पुढे मागे होत जात होतो. बायकोने माझ्या दंडात हात अडकवला. ती कुठल्याशा सहकारी बाईबद्दल सांगत होती, मी हं हं करत होतो, आणि खिशातला फोन मांडीला गरम लागतोय असा भास होत होता. चौकात दिवा लाल झाला म्हणून थांबलो तेव्हा तिने बोलणं अर्धवट सोडलं आणि म्हणाली, "जेवताना तुझा फोन वाजला होता."

"हो. आलं असेल काहीतरी."

"बघितलंस का?"

"नाही अजून."

"बघ," ती म्हणाली. "महत्त्वाचं असेल." दिवा हिरवा झाला. आम्ही रस्ता ओलांडला आणि तिने त्या सहकारी बाईची गोष्ट होती तिथून पुढे सुरू केली. मी तिच्या चेहऱ्याकडे दोनदा चोरून बघितलं. काही कळलं नाही. इतकी वर्षं तिच्या शेजारी झोपून मला तिचा एक चेहरा वाचता येत नाही, आणि ती माझा फोन लाकडातून ऐकते. मग मी सोमवारचं सांगून टाकलं. साहेबांचा निरोप, खुर्ची, अ‍ॅप बंद करावं लागेल, सगळं. ती चालत राहिली. "तुला काय वाटतं ते कर," ती म्हणाली. "पण कंटाळून करू नकोस. आणि माझ्यावर उपकार म्हणूनही करू नकोस. मला ते फेडत बसायचं नाही."

घरी आल्यावर मी अडगळीच्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीत दुसरी कुंडी आहे, पहिली गेल्यावर आणलेली. ही जगलीय. चक्क दोन नवी पानं फुटलीत, साडूचं अ‍ॅप आठवण करून देतं म्हणून. ते पत्र उघडलं. वादातून शेवटी 'आदरणीय सर' टिकलं होतं. पुढे साडूने साळीचा सगळा मजकूर गाळून स्वतःचं घातलं होतं, 'तुमच्यामुळे मला कळलं की माझ्या कामाकडे कुणीतरी बघतंय. एकट्याने काम करणाऱ्याला एवढं पुरतं.' मी ते वाचलं आणि माझा जळफळाट झाला. एवढं पुरतं म्हणे. मला मिळालं असतं तर मलाही पुरलं असतं. कोण आहे माझ्याकडे? छान छान म्हणणारी भुतं. आणि यांच्याकडे हेडमास्तर. कशाला? यांनी काय असं केलंय म्हणून हेडमास्तर यांचे? लिहितो कोण, डोळे कोण फोडून घेतो, रोप कुणाचं मेलं? मला एकदम असं वाटलं की हेडमास्तर उचलून आणावेत. साडूच्या हातून काढून घ्यावेत. जशी लहानपणी त्या रेडिओवरून बाबांची मान आपल्याकडे फिरवावीशी वाटायची, तशी ती दोन्ही हातांनी धरून फिरवावी.

मी माझं अ‍ॅप उघडलं. म्हणजे ते रोजच उघडतो, पण रोज मला कुठे जायचं ते माहीत असतं आणि बोट आपोआप तिकडे जातं. आज मी ते फोनवरून पुसलं, पुन्हा नव्याने घेतलं आणि मनाशी म्हटलं, हेडमास्तर, या. निवृत्तीनंतर बासरी शिकायचं मनात आलंय, कपाटात पडलेली बासरी काढलीय, एका तुकड्यावर अडताय. बसा. चष्मा लावा. आणि त्यांनी बघायला सुरुवात केली. अ‍ॅपने नाव विचारलं. वय विचारलं. वाद्य कोणतं, किती वर्षं शिकताय, आठवड्याचं उद्दिष्ट काय, आठवण कधी करून देऊ. हे सगळं मीच घातलं होतं, एकेक, प्रत्येक वेळी उत्तम कारण होतं. हेडमास्तरांच्या मांडीवर बासरी तशीच पडून होती. मग पडद्यावर नक्षीदार आलेख आले, अजून न केलेल्या सरावाचे. तुकडा हळू करायचं बटण, ज्याच्यासाठी माझी उमेदीची वर्षं गेली, ते तिसऱ्या पानावर एका चिमुकल्या चक्राच्या आत होतं. हेडमास्तरांना ते सापडेना. मला माहीत होतं कुठे आहे ते, पण मी सांगितलं नाही. मी घामाघूम झालो होतो.

मग त्यांनी पत्र लिहिलं. मी फक्त बोटं दिली. 'महोदय, आपले अ‍ॅप आज प्रथमच वापरले. अपेक्षा अशी होती की, मला जो तुकडा जमत नाही तो हळू ऐकावा आणि वाजवून पाहावा. प्रत्यक्षात असे घडले की, मी आपल्या प्रश्नांना उत्तरे देत बसलो आणि बासरी ओठांना लागलीच नाही. आपण मला माझ्याविषयी एवढे का विचारता? आपल्याला मी ऐकू येत नाही का? जे बटण हवे होते ते सापडल्यावर मात्र जे ऐकले त्याने थक्क झालो. इतकी सुंदर गोष्ट आपण लपवून का ठेवली आहे, ते समजत नाही. कृपया तपासून पाहावे.' पाठवलं. आणि थोड्याच वेळात माझ्याच टेबलावर टिंग वाजलं.

पत्र मीच लिहिलेलं, मला पाठ होतं, तरी दुसऱ्या कुणाचं असावं तसं उघडलं. वाचता वाचता कानशिलं तापली. सवयीने उत्तर लिहायला घेतलं, 'हे जाणीवपूर्वक असेच ठेवलेले आहे, कृपया मदतीचे पान पाहा.' हे वाक्य मला तयारच ठेवावं लागतं, मी ते इतक्या लोकांना पाठवलंय. अर्ध्यावर थांबलो. ते लोक आठवायला लागले. एक सतार शिकवणारी बाई होती, तिने तीनदा लिहिलं होतं की मुलांना बटण सापडत नाही. मी तिला तीनदा मदतीचं पान पाठवलं होतं. नंतर तिने लिहायचं सोडलं. शेवटचं काय लिहिलं होतं तिने? 'ठीक आहे, छान आहे.' म्हणजे मला हेडमास्तर मिळाले होते. एक नाही, बरेच आले होते दारात. मी त्यांना पान दाखवून परत पाठवलं होतं.

दारात बायको उभी होती. दिवा लावायला आली असेल. "कुणाचं आलं?" तिने विचारलं.

"एका म्हाताऱ्याचं. तक्रार आहे."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुमच्यामुळे मला वाजवता येत नाही."

"मग?" ती म्हणाली. "खरंय का त्याचं?"

"खरंय."

तिने दिवा लावला, कुंडीतल्या मातीत बोट घालून बघितलं, ते बोट साडीला पुसलं आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मी आधी सतारवाल्या बाईंना पत्र लिहिलं. लांबलचक लिहिलं आणि शेवटी विचारलं, तुमच्याकडचं एखादं मूल शिकायला बसलं असताना मी येऊन बघितलं तर चालेल का. मग जुन्या साहेबांना एकाच ओळीत कळवून टाकलं, 'आभारी आहे, पण मला दुसरीकडे काम लागलं आहे.' आणि मग हेडमास्तरांच्या नावाने साडूला. त्याच्यासाठी बराच वेळ शब्द शोधले. काही गोड, काही त्याची समजूत काढणारं. शेवटी साहेबांचीच ओळ उचलून टाकली, फक्त हेडमास्तरांच्या भाषेत बसवली. 'आभारी आहे. परंतु मला दुसरीकडे काम लागले आहे.'

साडूचं उत्तर लगेच आलं. त्यात आदरणीय नव्हतं, सर नव्हतं. एकच शब्द होता.

'कुणाकडे?'

मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. त्याला असं तुटक लिहिताना मी कधी बघितलं नव्हतं. फोन हातात घट्ट धरून तो पाय हलणाऱ्या टेबलाशी बसला असेल, त्या दुसऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणत, त्याच्याकडे असं काय आहे जे आपल्याकडे नाही, याचा विचार करत. मला त्याची दया आली असं म्हणायला हवं. पण मी दिवा तसाच ठेवून खुर्चीत मागे टेकलो, आणि दाढ ठणकत असताना, कितीतरी दिवसांनी मला कडकडून भूक लागली.